मोफत कुरिअर कोणाला परवडतं?

दिवाळी महिन्यावर आली की व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर फराळ, उटणं, साड्या, नथी, मसाले यांची रांग लागते. फोटोखाली भाव लिहिलेला असतो आणि ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुरिअर फ्री आहे का?" घरून विक्री करणाऱ्या ताई किंवा नुकतंच इन्स्टाग्रामवर दुकान मांडलेला मुलगा घाईघाईत "हो" म्हणून मोकळा होतो. ऑर्डर हातची जाऊ नये, एवढाच विचार असतो. त्या "हो"ची किंमत पुढे कुरिअरच्या वॉलेटमधून साठ-सत्तर रुपयांनी कापली जात राहते आणि महिन्याच्या शेवटी विक्री भरपूर होऊनही पैसे का उरले नाहीत, ते उमगत नाही.

माझं मत आधीच सांगते. छोट्या विक्रेत्याने सरसकट मोफत कुरिअर देऊ नये. द्यायचंच तर ठरावीक वजनाच्या ऑर्डरवर आणि पैसे आधी भरणाऱ्याला द्यावं. काही मालांना हा नियम लागू नाही, त्यांचंही पुढे येईलच. पण आधी हिशेब.

एका ऑर्डरमागे हातात काय उरतं

समजा, साताऱ्याच्या एक ताई गोडा मसाला विकतात. 200 ग्रॅमचं पाकीट 220 रुपयांना. धणे, खोबरं, तीळ, दगडफूल, तेल, गॅस, दळण, पाउच आणि लेबल धरून खर्च 140. म्हणजे पाकिटामागे 80 रुपये उरतात. खोका, टेप आणि बबल रॅपचे 20 धरू. कुरिअरचे दर प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, म्हणून हिशेबापुरतं असं धरू की महाराष्ट्रात पहिल्या अर्ध्या किलोला जीएसटीसह 60 रुपये आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला 45.

एका पाकिटाची ऑर्डर आली आणि ताईंनी कुरिअर मोफत दिलं, तर 80 मधून 20 आणि 60 गेले, हाती शून्य. त्यांचे कष्ट, भाजताना गेलेली दुपार आणि पार्सल द्यायला मारलेली खेप यांचा एक रुपयाही सुटला नाही. तीच ऑर्डर राज्याबाहेरची असेल आणि तिथला दर 85 असेल, तर 25 रुपये खिशातून गेले.

आता दोन पाकिटं घेऊ. मसाला 400 ग्रॅम, पॅकिंगचं वजन साधारण 80, एकूण 480. अजूनही अर्ध्या किलोच्या आत. म्हणजे कुरिअर तेच 60 आणि हाती 80 उरतात. तीन पाकिटं झाली की वजन 690 ग्रॅमवर जातं आणि बिल पूर्ण किलोचं लागतं, 105 रुपये. तिथे उरतात जेमतेम 115. चौथं पाकीट मात्र त्याच किलोत बसतं आणि उरतात 195. म्हणजे तिसऱ्या पाकिटाने फक्त 35 रुपयांची भर घातली आणि चौथ्याने 80 रुपयांची.

बहुतेक विक्रेते "500 च्या वर कुरिअर फ्री" असं गोल आकड्यात लिहितात. या ताईंनी तसं लिहिलं, तर ग्राहक बरोबर तीन पाकिटांवर, 660 रुपयांवर थांबेल आणि ताई सगळ्यात महागात पडणाऱ्या जागी अडकतील. त्यांनी लिहायला हवं, "चार पाकिटं घेतल्यास कुरिअर आमच्याकडे." मोफतची मर्यादा कुरिअरच्या वजनाच्या टप्प्यावरून ठरवायची, रुपयांच्या गोल आकड्यावरून नाही. हा लेख वाचून एकच गोष्ट करायची असेल, तर आपल्या मालाचं पॅक केलेलं वजन काट्यावर ठेवून बघा.

याच कारणामुळे अर्ध्या किलोचं पाकीट हा घरगुती मसालेवाल्यांचा सगळ्यात महाग निर्णय असतो. 500 ग्रॅम मसाला पॅक झाला की सहाशेच्या आसपास जातो आणि शंभर ग्रॅमच्या पॅकिंगसाठी अख्खा पुढचा टप्पा भरावा लागतो. ऑनलाइनसाठी 400 ग्रॅमचं पाकीट काढावं. वजन ठळक छापावं, म्हणजे ग्राहकाची फसगत होणार नाही.

खोक्याचं माप

वजनाचा दुसरा प्रकार नवख्यांना माहीतच नसतो. कुरिअर कंपन्या पार्सलची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतात आणि बहुतेक वेळा त्याला 5000 ने भागतात. येणारा आकडा म्हणजे आकारमानाचं वजन. ते आणि काट्यावरचं वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे लागतात. काही कंपन्या 5000 ऐवजी लहान आकडा वापरतात, म्हणजे वजन आणखी वाढतं. आपल्या कंपनीचा भाजक कोणता, हे करार करतानाच विचारावं.

एक किलो पातळ पोह्यांचा चिवडा 25 बाय 20 बाय 15 च्या खोक्यात बसवला, तर गुणाकार 7500 येतो आणि वजन दीड किलो धरलं जातं. तोच चिवडा घरात पडून असलेल्या 30 बाय 25 बाय 20 च्या खोक्यात कागद कोंबून पाठवला, तर गुणाकार 15,000 होतो आणि बिल येतं तीन किलोचं. जुना खोका फुकटात मिळाला म्हणून वापरला आणि कुरिअरला दुप्पट वजनाचे पैसे भरले, असं सर्रास होतं. चिवडा, चकली, कापसाच्या बाहुल्या, बांबूच्या टोपल्या, आकाशकंदील हा सगळा हलका पण जागा खाणारा माल. यावर मोफत कुरिअर जाहीर करण्याआधी मापाचे खोके शंभराच्या लॉटमध्ये घ्या. नगाला पाच-दहा रुपये जास्त गेले तरी चालेल.

पार्सल बंद केल्यावर ते काट्यावर ठेवून आकडा दिसेल असा फोटो काढावा, आणि टेप लावून तिन्ही मापांचाही. कुरिअरच्या हबमध्ये यंत्राने पुन्हा वजन होतं आणि फरक निघाला तर तो वॉलेटमधून परस्पर कापला जातो. हरकत घ्यायला मोजके दिवस मिळतात आणि त्या वेळी फोटोशिवाय दुसरा आधार नसतो.

मग मोठ्या कंपन्यांना कसं जमतं?

अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत 2005 मध्ये प्राइम सुरू केलं, तेव्हा दोन दिवसांत पोहोचवण्याच्या बदल्यात वर्षाला 79 डॉलर आधी घेतले होते. पोहोचवण्याचा खर्च तिथेही ग्राहकाकडूनच येतो, वर्गणीतून किंवा विक्रेत्याकडून कापलेल्या शुल्कातून. शिवाय लाखो पार्सलं देणाऱ्याला कुरिअरचा मिळणारा दर आणि महिन्याला चाळीस पार्सलं देणाऱ्याला मिळणारा दर यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. हस्तकलेच्या एट्सी या बाजारपेठेने 2019 च्या जुलैत अमेरिकेतल्या विक्रेत्यांना सांगितलं की 35 डॉलरच्या वरच्या ऑर्डरवर पोस्टेज मोफत द्या, तुमचा माल शोधात वर दाखवू. घरी बसून काम करणाऱ्या कारागिरांमधून त्यावर बरीच नाराजी उमटली. खर्च त्यांनी सोसायचा आणि ग्राहक बाजारपेठेने कमवायचा, असा तो व्यवहार होता.

तरीही "मोफत"ची ओढ खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. वर्तन-अर्थशास्त्राचे अभ्यासक डॅन एरिएली यांनी 2008 च्या आपल्या पुस्तकात अ‍ॅमेझॉनचाच एक किस्सा दिला आहे. ठरावीक रकमेच्या वर पोस्टेज मोफत केल्यावर बाकी देशांत विक्री वाढली, फ्रान्समध्ये वाढली नाही. कारण तिथे मोफतऐवजी एक फ्रँक आकारला जात होता. एक फ्रँक म्हणजे अगदीच किरकोळ रक्कम, पण ती शून्य केल्यावरच तिथलीही विक्री वाढली. आपल्याकडे 30 रुपये "सवलतीचा कुरिअर चार्ज" लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. अर्धवट सवलतीत पैसेही जातात आणि ग्राहकही खूश होत नाही. एक तर पूर्ण मोफत द्या, नाही तर खरा खर्च स्पष्ट सांगून घ्या.

किमतीत मिळवून टाकलं तर?

हा सगळ्यात जास्त दिला जाणारा सल्ला. पाकिटाला 30 रुपये वाढवा, 250 करा आणि "कुरिअर फ्री" लिहा. दोन पाकिटांच्या ऑर्डरला हिशेब बरोबर जुळतो. पण एक पाकीट मागवणाऱ्याचे 30 रुपये तुमच्यावर पडतात आणि चार घेणाऱ्याकडून 120 वसूल होतात, खर्च असतो 105. म्हणजे तुमचा सगळ्यात चांगला ग्राहक तुमच्या सगळ्यात लहान ग्राहकाचं कुरिअर भरतो. शिवाय शेजारच्या काकू, ज्या वर्षानुवर्षं दारातून मसाला नेतात, त्यांनी नांदेडच्या पार्सलचे पैसे का द्यायचे? मला हे पटत नाही.

यावर सोपा तोडगा म्हणजे दोन भाव ठेवणं. घरून नेल्यास एक, घरपोच दुसरा, आणि दोन्ही एकाच फोटोवर लिहायचे. पाकिटावर छापील किंमत असेल तर ती वरच्या भावाची छापावी. छापील किमतीपेक्षा कमी घेता येतं, जास्त घेता येत नाही. 220 छापून 250 ला विकलं, तर "त्यात कुरिअर धरलंय" हा बचाव टिकणार नाही. छापील किंमत तशीच ठेवायची असेल, तर कुरिअर बिलात वेगळंच दाखवावं.

जीएसटी नोंदणी असलेल्यांसाठी एक बारकावा. कुरिअरची रक्कम बिलात वेगळी लिहिली, तरी तिच्यावर कर मालाच्याच दराने लागतो, कारण ती त्याच विक्रीचा भाग मानली जाते. नियमित योजनेत असाल तर कुरिअर कंपनीने लावलेल्या 18 टक्के जीएसटीची वजावट घेता येते, ती सोडू नका.

कोणी बिनधास्त द्यावं

माझा ढोबळ नियम असा: पॅकिंग आणि कुरिअर मिळून उरणाऱ्या रकमेच्या निम्म्याहून जास्त खात नसेल, तर मोफत द्यायला हरकत नाही. 450 रुपयांची मोत्यांची नथ घ्या. बनवायला 200 लागले, उरले 250. वजन नगण्य, त्यामुळे खर्च 80 आणि हाती 170. सुती साडी 1,800 ची, खरेदी 1,250, उरले 550. एक किलोच्या टप्प्यात कुरिअर आणि पॅकिंग मिळून 125. या दोन्ही विक्रेत्यांनी निर्धास्तपणे "कुरिअर मोफत" लिहावं. लहान, हलका आणि मोलाचा माल असेल, तर ग्राहकाला वेगळा चार्ज दाखवून बिचकवण्यात अर्थ नाही. लोणची, काकवी, गूळ, मातीची भांडी, जात्यावरची पिठं यांना हे गणित कधीच जमणार नाही आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

पुस्तकं विकणाऱ्यांचा हिशेब आणखी वेगळा. स्वतः पुस्तक काढून थेट वाचकाला पाठवणाऱ्याचं वितरकाला आणि दुकानाला द्यायचं कमिशन वाचतं आणि ते सहज तीस-चाळीस टक्के असतं. त्यातून टपालखर्च निघतो. 18 डिसेंबर 2024 पासून टपाल खात्याने पुस्तकांची स्वस्त रजिस्टर्ड पाकीट सेवा बंद केली, तेव्हा लहान प्रकाशकांचं कंबरडं मोडलं होतं. 1 मे 2025 पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि पाच किलोपर्यंत 100 रुपये असे तिथले सुरुवातीचे दर, वर कर. पार्सल जमिनीवरून जातं, म्हणून वेळ लागतो, पण ते कुठवर पोहोचलं हे बघता येतं. ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे, जाहिरातींच्या छपाईसाठी नाही. 250 रुपयांचं पुस्तक थेट विकणाऱ्याला यात टपालखर्च सोसता येतो.

टपालाविषयी आणखी थोडं. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टचे दर बदलले. कोणी जुना तक्ता पाठवला, तर त्यावर हिशेब करू नका. खाजगी कुरिअर दारातून पार्सल उचलतं, ही मोठी सोय. पण धडगाव, भामरागड अशा ठिकाणी ते बऱ्याचदा जातच नाही किंवा ग्राहकाला तालुक्याच्या शाखेत बोलावतं. तिथे पोस्टच खरं. कोल्हापूरच्या विक्रेत्याला बेळगाव नागपूरपेक्षा कितीतरी जवळ असलं, तरी काही कंपन्या राज्याची हद्द बघून दर लावतात, काही अंतर बघून. सीमेपलीकडे बरेच ग्राहक असतील तर हे आधी विचारून घ्यावं, वर्षाकाठी चांगला फरक पडतो.

पार्सल आल्यावर पैसे: इथे मोफत नकोच

कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे सीओडी. यावर कुरिअर कंपनी पैसे गोळा करण्याचा वेगळा आकार लावते. ग्राहकाने पार्सल घेतलं नाही, फोन उचलला नाही किंवा "आता नको" म्हटलं, की माल परत येतो आणि जाण्यायेण्याचं दोन्ही वेळचं भाडं विक्रेत्याच्या माथी बसतं.

नथीचाच हिशेब करू. समजा दहा ऑर्डर सीओडीवर गेल्या आणि तीन परत आल्या. पोहोचलेल्या सातांवर 250 मधून पॅकिंग 20, कुरिअर 60 आणि सीओडी आकार 45 वजा जाऊन प्रत्येकी 125, एकूण 875. परत आलेल्या तीनांवर जाण्याचे 60, येण्याचे 60 आणि वाया गेलेलं पॅकिंग 20, असे प्रत्येकी 140, एकूण 420. हातात राहिले 455. याच सात नथी आधी पैसे घेऊन पाठवल्या असत्या, तर 1,190 राहिले असते. शिवाय सीओडीचे पैसे कुरिअरकडून हाती यायला काही दिवस जातात, तोवर पुढचे मोती उधारीवर आणायचे.

म्हणून "यूपीआयने आधी पैसे भरल्यास कुरिअर मोफत, सीओडीला कुरिअर आणि सीओडी आकार वेगळा" हे वाक्य लिहून ठेवा. नवीन ग्राहक अनोळखी विक्रेत्याला पूर्ण रक्कम आधी द्यायला कचरतो आणि ते साहजिक आहे. त्याला शंभर रुपये आगाऊ भरून बाकीचे पार्सल आल्यावर द्यायची मुभा द्यावी. ज्याने शंभर भरलेत, तो दार उघडतो.

घेणाऱ्यांसाठी

ग्राहकाने "फ्री" या शब्दापाशी न थांबता शेवटची एकूण रक्कम बघावी. एकाकडे 250 मोफत कुरिअरसह आणि दुसऱ्याकडे 220 अधिक 60, यांत एक पाकीट पहिल्याकडून स्वस्त पडतं. पण चार पाकिटं 1,000 की 880 अधिक 105, म्हणजे 985? इथे दुसरा स्वस्त. सोसायटीतल्या चौघींनी मिळून एकाच पत्त्यावर मागवलं, तर कुरिअर चौघींत वाटून माणशी तीसच्या आत येतं.

2020 च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार नियमित ऑनलाइन विक्री करणाऱ्याने एकूण रक्कम एका आकड्यात दाखवायची असते आणि तिची फोडही द्यायची असते: पोहोचवण्याचा, टपालाचा, हाताळणीचा आकार आणि कर. आधी कमी भाव दाखवून पैसे भरायच्या पानावर एकेक आकार वाढवत नेणं, हे 2023 च्या डार्क पॅटर्न मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित ठरवलेलं आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करता येतो. विक्रेत्यांनीही हे वाचावं: "कुरिअर फ्री" म्हणून पॅकिंगच्या नावाखाली 50 रुपये लावणं तितकंच चुकीचं आहे. आणि परत पाठवायचा खर्च कोणाचा, हे ऑर्डर घेण्याआधीच लिहावं. पाठवणं मोफत असलं म्हणजे परत घेणंही मोफत, असा समज ग्राहकाचा होतोच.

परदेशी पार्सलला मोफतची जाहिरात करूच नये. न्यू जर्सीतल्या भाचीला फराळ पाठवणाऱ्या मावशीला तिथला सीमाशुल्काचा आकडा आधी सांगता येत नाही. 800 डॉलरपर्यंतचं पार्सल शुल्काविना येऊ देण्याची सवलत अमेरिकेने 29 ऑगस्ट 2025 पासून काढून घेतली. त्यामुळे फराळाचा भाव, कुरिअरचं भाडं आणि शुल्क कोण भरणार, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं लेखी हवीत.

ज्यांनी मोफत सुरू केलंय आणि आता झेपत नाही, त्यांनी ते एका रात्रीत बंद करू नये. पंधरा दिवस आधी तारीख जाहीर करावी, तोवर आलेल्या ऑर्डर जुन्याच अटीवर पाठवाव्यात आणि पुढची अट शक्य तितकी साधी लिहावी. साताऱ्याच्या त्या ताईंसाठी ती अशी असेल: "गोडा मसाला 200 ग्रॅम. घरून नेल्यास 220 रुपये. कुरिअर महाराष्ट्रात एक-दोन पाकिटांना 60, तीन पाकिटांना 105, चार पाकिटांना आधी पैसे भरल्यास मोफत. राज्याबाहेर वजनाप्रमाणे, ऑर्डर नक्की करण्याआधी रक्कम कळवू."